पहिलं पाणी

नमुना चार : कुड्याच्या पाकळ्या, ढेबेवाडी खोरं.
सावलीत वाळवल्या, वस्त्रगाळ केल्या,
मिथेनॉलात रात्रभर मुरवल्या.
अर्धा तास अंधार.
मग परीक्षानळीतला जांभळा
ओसरत ओसरत पिवळा झाला
आणि साताऱ्याच्या प्रयोगशाळेत मी एकटीच हसले.

फुलं तानूमावशीनं खुडलेली.
घरी ती आधी उकडते, पहिलं पाणी
मोरीत ओतते, मग लसणाची फोडणी.
एकदा तेच पाणी बाटलीत भरून आणलं.
अर्धा तासही लागला नाही.

फोनवर म्हटलं, मावशे, गुण तर तू मोरीत घालतेस.
पलीकडे भांडं आपटलं.
"मग काय कडू गिळू व्हय गं?"

तक्त्यात रकाने सहा.
कडूपणा कुठल्यात भरायचा,
सरांना विचारायचं राहिलंय.