शोधपेटी

तीन दिवस वाचनालय दुपारी बंद राहील,
असा फलक मीच लावला.
संध्याकाळपर्यंत खाली कुणी पेन्सिलीनं लिहून गेलं:
का?

सिडकोतून हर्षाली खैरनार आली.
तेविशीची असेल. पाठीवर बॅग,
बॅगेत तुमचं अख्खं वाचनालय मावेल, म्हणाली.
आम्ही तिघं: मी, देवघेवीच्या खिडकीतल्या कुमुद आहिरराव,
बांधणीचे शेखभाई.
आणि शिपाई गांगुर्डे, ज्यांचं यादीत नाव नव्हतं,
ते चहा घेऊन आले
आणि ट्रे धरून तसेच उभे राहिले.

पासवर्ड ठेवा, ती म्हणाली.
एक मोठं अक्षर, एक लहान, एक आकडा.
मराठीत मोठं अक्षर कुठलं गं? कुमुदताईंनी विचारलं.
हर्षाली अडली. मग म्हणाली,
मराठीत सगळी सारखीच.
मग मराठीतच राहू द्या की, शेखभाई म्हणाले.

चौदा हजार दोनशे सहा पुस्तकं.
दाखल-नोंदवहीत ती तीन माणसांच्या
चार अक्षरांत नांदतात.
एकाच्या 'श'ला शेपटी,
एकाची शाई जांभळी,
उरलेली दोन्ही माझीच,
एक नोकरीच्या पहिल्या वर्षाचं, एक चष्म्यानंतरचं.
पडद्यावर सगळी एका वळणाची झाली.
मी काही बोलले नाही.
बटण दाबलं. पुढची ओळ.

'स्थिती' या रकान्यात तीनच पर्याय:
चांगली, फाटकी, गहाळ.
सराफ बाजारात पाणी शिरलं,
दुतोंड्या मारुती गळ्यापर्यंत गेला,
त्या वर्षी खालच्या दोन फळ्या भिजल्या.
शेखभाईंनी गच्चीवर दोऱ्या बांधून
पानं वाळत घातली होती, चिमटे लावून,
शेजारच्या परकरांच्या रांगेत.
ती पुस्तकं अजून फुगलेलीच आहेत,
वास घेतला तर गंगेचा गाळ.
ती चांगली की फाटकी?
हर्षालीनं पाच मिनिटांत चौथा पर्याय टाकला:
पुरातलं.
शेखभाई पडद्याजवळ जाऊन तो शब्द
बराच वेळ बघत होते.

तिसऱ्या दिवशी शोधपेटी.
इथं लिहा, जगात कुठूनही सापडेल.
कुमुदताईंनी लिहिलं, 'नदि'.
शून्य निकाल.
दि दीर्घ हवी ताई, हर्षाली म्हणाली.

तेव्हा मागून ट्रे वाजला.
पण बाई, गांगुर्डे म्हणाले,
माणसं ऱ्हस्व-दीर्घ बघून थोडीच मागतात?
नाव तरी कुणाला आठवतं?
'सापांचं लाल पुस्तक, शेवटचं पान नसलेलं.'
'माझ्या पोरीला स्पर्धेत उपयोगी पडलं ते.'
'मागल्या खेपेला पंख्याखाली बसून अर्धं वाचलं होतं, ते द्या.'
मी काय करतो,
कपाटापाशी नेऊन उभं करतो.

एकतीस वर्षांत त्यांना एकही दाखल क्रमांक पाठ नाही.

हर्षालीनं खुर्ची ओढली.
बसा काका. सांगत राहा. मी टाकते.
वाचकाच्या खुर्चीत गांगुर्डेंना बसलेलं
मी पहिल्यांदाच पाहिलं. ते अगदी कडेला बसले,
कुणी उठवेल तसे.
साडेसातपर्यंत सांगत होते.
कपाट चार: जावई रुसतो ते नाटक.
कपाट नऊ: वायरमनचं, आकृत्यांचं.
आणि ते निळं, जे देवळालीचे एक गृहस्थ
दर श्रावणात नेतात,
आणि न वाचता परत आणतात, मला वाटतं.
हेही टाकू? तिनं विचारलं.
टाका, ते म्हणाले. मग, नको.

आता रोज सकाळी मी पहिल्यांदा
रात्रीच्या शोधांची यादी उघडते.
मला तिची सवय लागलीय, दाराखालून आलेल्या पत्रांसारखी.
काल दोन वाजून दहा मिनिटांनी
कुणी, नोटांच्या प्रेसमधून पाळी संपवून आलेलं,
किंवा नुसतंच झोप न लागलेलं,
लिहून गेलं:
सापाच लाल पुस्तक शेवटच पान नाही.

एक निकाल.

गांगुर्डेंना हाक मारून दाखवलं.
त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, वाचलं.
म्हणाले, शेवटचं पान आहे आता.
दिवाळीत शेखभाईंनी मिळवून चिकटवलं.
तेवढं बदला.