पायगुणाचा तक्ता

टारनूकच्या धान्यकाट्यावर मी एकतीस वर्षं बसले.
ट्रक यायचा भरलेला, जायचा रिकामा;
मधली वजाबाकी म्हणजे गहू.
एवढंच गणित येतं मला, असं निक्सनला सांगितलं.
तो म्हणाला, तेवढं पुरे.
आमची पोरं गोल का चुकवतात, ते शोध.

लंबगोल चेंडू, लंबगोल मैदान, चार खांब.
मधल्या दोघांतून गेला तर सहा गुण,
कडेच्या फटीतून गेला तर एक.
चुकण्यालाही गुण देणारा हा खेळ
दुष्काळात मुरलेल्या या मुलखाने
का उराशी धरला, ते कळतं मला.

तीन हंगाम. चारशे बारा फटके.
अंतर पावलांनी, कोन शाळेतल्या कोनमापकाने,
वारा झेंड्याच्या फडफडीवरून, शून्य ते चार.
पाय डावा की उजवा. धावत मारला की थांबून.
मारण्याआधी मोजे वर ओढले का.
(मोज्यांचा काही संबंध निघाला नाही.
रकाना ठेवलाय.)

पस्तीस मीटर, समोरून, वारा एक:
कुणीही असो, दहांतले सात जावेत.
गेले त्यातून जायला हवे होते ते वजा केले
की उरतो तो पायगुण.

ब्रेडन टॉलहर्स्टचा विचित्र.
सीमारेषेवरून, दोघे अंगावर येत असताना,
खांब एकमेकांत मिसळलेले दिसतात तिथून
तो अंदाजापेक्षा जास्त मारतो.
समोर उभा, अर्धं मिनिट हातात, गाव गप्प,
तेव्हा कमी.
निक्सनला हे फार आवडलं.
त्याने फळ्यावर लिहिलं, विचार करू नकोस.
ब्रेडन आठवडाभर त्याचाच विचार करत होता.

मग मी तक्ता टोकांनुसार फोडला.
तळ्याच्या टोकाला पोरगा ठीक.
सायलोच्या टोकाला, जूनपासून, तेरांतले चार.

जूनमध्ये काय झालं ते वहीत नव्हतं.
गावाला माहीत होतं.

आमच्याकडे गाड्या मैदानाकडे तोंड करून लावतात,
गोल झाला की हॉर्न.
सायलोकडच्या खांबांमागे एक हिरवा पिकअप असायचा,
थोरल्या भावाचा, रीसचा,
त्याचा हॉर्न घसा बसलेल्या मेंढीसारखा.
जूनमध्ये रीस पश्चिमेला लोखंडाच्या खाणीत गेला.
पिकअप विकून गेला. भांडून गेला, असंही म्हणतात.
ती जागा रिकामी आहे.
तिथे कुणी लावत नाही, तसं कुणी ठरवलेलंही नाही.

पण तेरा फटके म्हणजे काय?
कावळा बसायला आणि फांदी मोडायला.
इथे तर कावळ्यांपेक्षा गुलाबी काकाकुवे जास्त,
आणि निलगिरीच्या फांद्या उन्हाळ्यात
कुणी न बसताही मोडतात.
तेरा ट्रकांवरून मी कधी पिकाचा अंदाज दिला नव्हता.
निक्सनला बोलले नाही.

शनिवारी मात्र माझी पांढरी कोरोला
मी सायलोकडे नेली.
थर्मासमागून बायकांनी पाहिलं. गप्प राहिल्या.

तिसरा क्वार्टर. ब्रेडनने झेलला.
छत्तीस मीटर, जरा उजवीकडे, वारा दोन.
तो मागे चालत गेला. मोजे ओढले.
खांबांकडे पाहिलं, मग खांबांमागे,
मग कोरोलाकडे, हवं त्याहून जास्त वेळ.

चेंडू खांबावर आदळला.
पंचाने एकच झेंडा हलवला.
हॉर्न फक्त सहाला वाजवायचा असतो,
हे इथे दुधपित्या पोरालाही कळतं.
माझा तळवा आधीच दाबला गेला होता.

सगळं मैदान वळलं.
ब्रेडन हसला, की उन्हाने डोळे बारीक केले?
छप्पन मीटरवरून सांगता येत नाही.

वहीत लिहिलं: चूक, डावा खांब, मोजे हो.
शेजारी नवा रकाना आखला,
पट्टी नव्हती, वाकडा आला.
त्याच्यावर काय लिहायचं ते अजून सुचलेलं नाही.
चौदांतले चार.