बूड आधी

दस्तगीरच्या दुकानात वस्तू आधी उलटी करायची असते.
कॅम्पात, फिश मार्केटच्या मागं,
पितळी नळांचा आणि सायकलींच्या मडगार्डांचा ढीग ओलांडून
तो माझ्या हातात देतो निळी बरणी, झाकण हरवलेली.
"बघा की वो मास्तर, राणीच्या काळातलं हाय म्हणलालीय बाई."

बाई म्हणजे फिलोमिना डिक्रूझ,
बंगला विकून मडगावला लेकाकडं निघालेली.

पोटावर नाचणाऱ्या बायकांकडं मी अजून बघत नाही.
खानापुरात छत्तीस वर्षं साचे ओतले,
त्यात एवढं कळलं:
माती खोटं बोलते ती तोंडाकडून.
बूड बिचारं जमिनीला टेकलेलं असतं.

शिक्का दाबलेला. नखाला लागतो.
कारखान्याच्या नावाखाली देशाचं नाव,
म्हणजे अठराशे एक्क्याण्णवच्या अलीकडची.
'तिथं बनवलेली' असंही लिहिलं असतं
तर आणखी अलीकडं आली असती,
माझ्या आजोबांच्या लग्नापर्यंत.
तसं काही नाही.
(परक्या जकातीसाठी त्यांना देशाचं नाव कोरावं लागलं.
हद्दीवर नाव लागतंच, हे आम्हांला कुणी शिकवावं?
आमच्या वेशीवरच्या दगडावर गावाची दोन नावं,
त्यातल्या एकावर कायम डांबर.)

मग आत बोट घालतो.
नक्कल असेल तर प्रत्येक बाईच्या पाठीमागं खळगा लागतो,
एकाच साच्यात ओतलेली, वरून पांढरी रंगवलेली.
इथं आतून सपाट, नदीतल्या गोट्यासारखं.
म्हणजे बायका वेगळ्या साच्यांतून निघाल्या,
पाण्याच्या बोटानं एकेक चिकटवल्या.
झिलई नाही. बिस्किटासारखा कोरडा अंग.
नेसणं इतकं झिरझिरीत
की पदराच्या कडेला खालचा निळा डोकावतो.
ना नऊवारी, ना इरकल, कुठल्या देशीचं कोण जाणे.
पाच जणी, एक बोकड, एक पंखवालं पोर,
आणि द्राक्षांचा वेल, ज्याला आमच्या शाळेतली मुलं
कारल्याचा म्हणाली असती.

चौथीचा डावा हात.
त्यावर माझं बोट दोनदा थांबतं.
पांढरा आहे, पण दह्यासारखा पांढरा, बाकीच्या चुन्यासारख्या.
नखानं किंचित खरवडतो,
खालून लाल.
मलप्रभेच्या काठची लाल.
ही माती मी झोपेत ओळखीन.

भट्टीत ती बारावा हिस्सा आक्रसते.
ज्यानं केला त्यानं तेवढा हात मोठा धरला असणार,
खांद्याला केसभरही फट नाही.
आणि मनगटावर, भिंग लावल्यावर,
बाभळीच्या काट्यानं टोचलेले तीन ठिपके, एक रेघ.
बांगडी.

बाकी चौघींचे हात मोकळे आहेत.

सट्टूप्पा.
गौरींचे हात करायचा भादव्यात,
असेच तीन ठिपके, एक रेघ.
मला म्हणायचा, "रिकामा हात भट्टीत घालू नये बाबा, बरं नसतं."
कॅम्पातलं काम घेतल्याचं कधी बोलला नाही.
कुणी आणून दिली त्याला ही बरणी,
सकाळच्या पॅसेंजरनं, गोधडीत गुंडाळून?
काय घेतलं असेल? आठ आणे? जेवण?
चौपन्नला कामावर लागला, शहाऐंशीत गेला.
या बत्तीस वर्षांतलं कुठलं साल धरायचं,
त्याचा शिक्का कुठंच नाही.

दुरुस्ती म्हणजे किंमत निम्मी,
हा धंद्याचा नियम मीच दस्तगीरला शिकवलाय.
पुण्याचा गिऱ्हाईक बॅटरी घेऊन येतो.
त्याला दिसेलच.

चिठ्ठीवर लिहितो: एक्क्याण्णव ते साधारण दहा.
खाली जागा सोडतो.
मग लिहितो: डावा हात नंतरचा, खानापूर.
मग 'खानापूर' खोडतो.
मग पुन्हा लिहितो, जरा मोठं.

दस्तगीर बशीत चहा ओततो.
"एष्टु?"

"थांब," म्हणतो मी,
"बांगडी धरून सांगू, का सोडून?"
तो बरणी घेतो, भिंगाशिवाय डोळ्याला लावतो,
चुकीच्या बाईचा हात बघत बसतो.