पाल्यू तापवताना

आधी पाणी, मग विस्तव.
उलटं केलंस तर शेगडी जळेल,
हे ताउनो मला दर हिवाळ्यात सांगतो.
दुसरं फारसं काही सांगत नाही.

तळ्यावरच्या बर्फाला गिरमिटानं भोक पाडलं,
पंपाची नळी खाली सोडली.
उन्हाळ्यापासून कोरडं पडलेलं लाकडी पिंप
सगळ्या फटींतून गळायला लागलं.
त्यावर काही करायचं नसतं.
लाकूड आपलं आपण पाणी पितं, फुगतं,
फळीला फळी भिडते
आणि तासाभरात गळणं थांबतं.

दोन वाजताच उजेड आटला. उणे तेवीस.
भूर्जाच्या सालीनं विस्तव धरला
आणि मी फाटे सारत बसले:
स्प्रूसचे, दोन वर्षं वाळलेले,
ज्याच्यापायी माझा भाऊ आणि शेजारचा रेइयो
नऊ वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते.

झाड हद्दीवर होतं.
ताउनोच्या नकाशात आमचं,
रेइयोच्या नकाशात त्याचं.
झाडाला नकाशा वाचता येत नव्हता.
एका नोव्हेंबरात वादळानं ते रस्त्यावर आडवं पाडलं.
मग हा बुंध्याकडून, तो शेंड्याकडून
करवती घरघरवत कापत आले,
मध्ये भेटले,
आणि मान न उचलता
आपापला ढीग घेऊन गेले.

आज तिसरा दिवस, रेइयोच्या घरचे नळ गोठलेत.
मी फोन केला. टॉवेल घेऊन ये, म्हटलं.
ताउनोला सांगितलं नाही.

तो आला, मागं घसरगाडी ओढत.
गाडीत लाकडं. शेंड्याकडची.
ताउनोनं एक तुकडा उचलला,
बोटानं वाजवून पाहिला.
“वाळलंय,” म्हणाला.
“हो,” रेइयो म्हणाला.
नऊ वर्षांनंतर इतकंच. मी वल्हं घेऊन
पाणी ढवळायला गेले,
कारण वर कढत आणि तळाशी बर्फगार,
हे ढवळल्याशिवाय जुळत नाही.

अनवाणी अकरा पावलं,
शिडीच्या गोठलेल्या तीन पायऱ्या,
आणि मग मानेपर्यंत ऊन पाणी!
अंगाला आधी कळतच नाही
हे सुख आहे की चटका.
डोक्यावर लोकरीच्या टोप्या,
टोपीबाहेरचे केस पांढरे, ताठ.
पापण्या मिटल्या की चिकटतात.
धुराड्यातून ठिणगी उडते, चांदण्यांत मिसळते,
कुठली कोणाची ते कळत नाही.

पिंपात तिघं बसली की
गुडघ्याला गुडघा लागतोच.
इथं कोणाला पाठ फिरवून बसता येत नाही.

रेइयो जरा वर सरकला
तेव्हा दिसली:
छातीवर मधोमध, गळ्यापासून खाली
गुलाबी रेघ.

ताउनो बराच वेळ बघत राहिला.
“केव्हा?”
“एप्रिलात.”
एप्रिलात त्याच्या खिडक्या महिनाभर काळोख्या होत्या.
आम्ही म्हणायचो, लेकीकडं गेला असेल.
“सरळ काढलीय,” ताउनो म्हणाला.
“तिथं मोजणीदार चांगला होता,” रेइयो म्हणाला.

मी हसले, आणि नाकात पाणी गेलं.
ते दोघं हसले नाहीत.
पण थोड्या वेळानं ताउनोनं
काठावरचं ओंजळभर बर्फ उचललं
आणि काही न बोलता
रेइयोच्या बाजूच्या पाण्यात सोडलं,
हातानं कालवलं,
पुन्हा एक ओंजळ.
“आता?”
“आता बरंय.”

रात्री बूच काढलं.
पाणी बर्फाखालून वाट काढत उताराला लागलं
आणि सकाळी रेइयोच्या दारापर्यंत
काचेसारखं गोठलेलं मिळालं.
तो घसरला. लागलं नाही.
तिथूनच त्यानं ताउनोला दिलेली शिवी
मी स्वयंपाकघरात ऐकली, मोठ्यानं, नावानिशी.

ताउनोनं कॉफी तशीच ठेवली,
शेगडीतली राख बादलीत भरली
आणि निसरड्यावर टाकत चालला,
आमच्या पायरीपासून.
पोस्टाची पेटी मागं पडली,
हद्दीचा दगड तर बर्फाखालीच असतो या दिवसांत.

कॉफीवर साय धरली.
मी ती ओतून दिली आणि दोन कपांची नवी ठेवली,
मग थांबून
अजून एकाची.