तिसरी शिट्टी

डोरीननं पिंजरा आमच्या दारात ठेवला तेव्हा
तिच्या एका हातात ऑपरेशनचं पत्र होतं
आणि दुसऱ्या हातात बर्नार्डविषयीच्या सूचना,
चार कागद, पाठपोट लिहिलेले.
पत्राबद्दल म्हणाली, दहा दिवस, फार तर बारा.
कागद मात्र उंबऱ्यावर उभ्यानं
पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवले.

गवत अखंड. गाजर नखाएवढं, तेही रविवारी.
उचलू नका, त्याला वाटतं घारीनं नेलं.
वायरी लपवा.
आणि लेंड्या मोजा.
बारा तास एकही दिसली नाही
तर मला विचारत बसू नका, डॉक्टर गाठा.

डार्लिंग्टनच्या या गल्लीत आम्हाला सहा वर्षं झाली.
तिची आणि आमची भिंत एकच, वीतभर विटांची.
तिच्या टीव्हीवरचं हवामान आम्हाला फुकट कळतं,
आमची फोडणी तिला.
आणि सहा वर्षं, कुकर लावला की
तिसऱ्या शिट्टीला पलीकडून यायचं:
धप्.
एकदाच. काठीनं ठोकल्यासारखं.

म्हातारी चिडली, जयवंत म्हणायचा.
मी कुकरवर टॉवेल टाकून पाहिला.
एक अख्खा हिवाळा
डाळ रात्री भिजत घालून पातेल्यात शिजवली.
दिवाळीत करंज्या नेऊन दिल्या, त्यातल्या निम्म्या माफीच्या,
ती गोड हसली, तर घरी येऊन म्हणाले,
बघ, तोंडावर कधी बोलायचे नाहीत हे लोक.

बर्नार्ड दोन दिवस कोचामागून निघाला नाही.
राखाडी, एक कान पडका,
तपासणीला आलेल्या साहेबासारखं नाक चालू.
तिसऱ्या दिवशी त्यानं कोथिंबिरीच्या काड्या मान्य केल्या
आणि राउटरची वायर.
जयवंतनं, जो दिवसभर विम्याचे दावे तपासतो,
कॅलेंडरवर रकाने आखले:
सकाळ एकेचाळीस, संध्याकाळ बासष्ट.

रोज हॉस्पिटलमधून फोन. किती?
मी आकडा सांगायचे.
टपोऱ्या आहेत ना?
टपोऱ्या, काबुली चण्याएवढ्या नाहीत, पण मिऱ्यांहून मोठ्या.
तुमचं कसं आहे, विचारलं की
बरं आहे, म्हणायची, आणि कालचा आकडा पुन्हा विचारायची.

रविवारी तूरडाळ लावली.
पहिल्या शिट्टीला त्याचा चांगला कान उभा राहिला.
दुसरीला तो दगड झाला.
तिसरीला मागचा पाय उचलला आणि
धप्.
लाकडी जमिनीतून माझ्या तळपायापर्यंत आलं ते.
जयवंत जिन्यात अर्ध्यावर थांबला.
मी गॅस बंद केला. कुणीच काही बोललं नाही,
बर्नार्ड तर मुळातच नाही.

अगं, तो सावध करतो, डोरीन फोनवर म्हणाली,
धोका आहे, पळा, असं.
तुमच्या घरात रोज काहीतरी फुत्कारतं,
आणि तुम्ही काही पळत नाही.
फार मनाला लावून घेतो तो.

मग जरा थांबून, खोकून:
मला बरं पडतं. तो ठोकतो, मी गोळ्या घेते.
मध्ये एका हिवाळ्यात बंद झालं होतं सगळं,
तेव्हा दोन-चारदा विसरले,
एकदा जरा महागात पडलं.

कुठला हिवाळा, मी विचारलं नाही.

अकराव्या दिवशी ती आली,
कोट अंगावर दुसऱ्या कुणाचा असावा तशी.
बर्नार्ड पिंजऱ्यात शिरला, वळूनही पाहिलं नाही.
कॅलेंडर तिनं मागून नेलं,
आमचे दोन महिने राहिले होते त्यात.

मोज्यांत अजून गवत टोचतं.
टॉवेल कपाटात गेला.
आज मसूर आहे, खरं तर दोन शिट्ट्यांत शिजते,
तरी मी तिसरीपर्यंत थांबते,
हात पुसत, भिंतीशी.

धप्.

आणि त्यामागोमाग, कान दिला तर,
पलीकडे नळ सोडल्याचा आवाज.