काच आहे, सांभाळून

बोगोतात पहाटे चारला थंडी नखांतून आत शिरते.
उबाल्दिनाच्या हातमोज्याची दोन बोटं मुद्दाम कापलेली.
"बोटांना दिसलं पाहिजे," ती म्हणते,
आणि तेउसाकिल्योतल्या विटांच्या इमारतींपुढे
तिची हातगाडी दारोदार थांबते,
रतीब घालणारीची थांबावी तशी.
फक्त ही न्यायला येते.

पहिल्या आठवड्यात तिनं मला ऐकायला शिकवलं.
चुरगाळ, म्हणाली. कुरकुरलं तर हे पोतं,
गप्प राहिलं तर ते.
तरी कळलं नाही तर कोपरा पेटव:
मेणबत्तीचा वास आला की ठेव,
नाकाला झोंबलं की टाक.
बाटली एका जातीची, टोपण दुसऱ्या,
लेबल तिसऱ्याच.
चार घोट पाण्यासाठी केवढी सोयरीक,
आणि काडीमोड आमच्या हातून.

तांदूळ निवडावेत तसा कागद निवडायचा.
वकिलांच्या कचेरीतला पांढरा सगळ्यात महाग,
पण ते लोक यंत्रात घालून त्याच्या शेवया करतात.
त्यांची गुपितं वाचतात, आमचा भाव पडतो.
पिना उपसताना मी विचारलं,
"तू कधी वाचत नाहीस यातलं?"
"वाचत बसलं तर किलो भरत नाहीत."

कोपऱ्यावरच्या कोंबडीवाल्याशी तिचं अकरा वर्षांचं भांडण.
हाडं, रस्सा, आणि त्याखाली पुठ्ठ्याची कोरी खोकी.
सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात,
इथे ओल्याबरोबर सुकं कुजतं.
ती त्याला शिव्या देते,
तो तिला गरम गुळाचं पाणी देतो,
दुसऱ्या दिवशी पिशवी तशीच.

पण चारशे दोन नंबरची पिशवी...
धुतलेल्या बरण्या, चपटी केलेली दुधाची खोकी,
आणि काही फुटलंच असेल तर वर्तमानपत्रात गुंडाळून,
दोऱ्यानं बांधून, वर चिठ्ठी, टपोऱ्या अक्षरांत:
काच आहे, सांभाळून.

उबाल्दिनानं त्या बाईला कधी पाहिलं नव्हतं.
चिठ्ठ्या मात्र रद्दीत गेल्या नाहीत,
गाडीच्या दांडीखालच्या खिळ्याला अडकवलेल्या असत.
"वीसेक ग्रॅम भरतील," मी हसले.
"भरतील की," म्हणाली. काढल्या नाहीत.

मग एका गुरुवारी तिनं पिशवीत हात घातला
आणि बाहेर आला तेव्हा ती दोन उघडी बोटं लाल.
वाइनचा पेला. सुटा. कॉफीच्या चोथ्यात.
मला वाटलं, आता शिव्या.
तिनं बोटांकडे बघितलंच नाही,
वर बघितलं, चौथ्या मजल्याकडे.
पडदे नवे होते.

दरवान अर्सेसियोनं सांगितलं,
एर्सिलियाबाईंना मुलगा घेऊन गेला मेदेयीनला,
जिना झेपेनासा झाला.
आता एक पोरगा राहतो, कंप्युटरचं काहीतरी करतो,
गुड मॉर्निंगसुद्धा म्हणत नाही.

उबाल्दिनानं बोटांना चिंधी गुंडाळली.
खिळ्यावरची एक चिठ्ठी काढली,
उलटीसुलटी करून पाहिली, वजन करावं तशी,
आणि अर्सेसियोच्या हातात दिली.
"वर द्या. म्हणावं, घराबरोबर हेही येतं."

दोन गुरुवार काही नाही. नुसता चोथा.
मी म्हटलं, त्यानं फेकली असेल.
"फेकली तर आपल्याकडेच येईल," ती म्हणाली.

तिसऱ्या गुरुवारी पिझ्झाच्या खोक्याचा फाडलेला तुकडा,
आत काहीतरी ओबडधोबड,
भोवती हातभर चिकटपट्टी,
वर बॉलपेननं, घाईत, एकच शब्द:
काच.

पुठ्ठा तेलकट, चिकटपट्टी सुटणार नाही,
विकण्यासारखं त्यात काही नव्हतं.
उबाल्दिनानं ते पुडकं कानाशी धरून हलवलं.
"'सांभाळून' पुढच्या खेपेला लिहील,"
म्हणाली, आणि कुठल्याच पोत्यात न घालता
गाडीत पुढे, वेगळं ठेवलं.