समजला नाही

संडरलंडच्या इस्पितळात, तळमजल्यावर,
मी लोकांची हाडं बघते.
"श्वास घ्या. रोखा. हां, सोडा आता."
दिवसातून साठ वेळा.

मंगळवारी चहाच्या खोलीत
कीथने माझ्या डब्याकडे बघून नाक दाबलं
आणि दुकानवाल्याचा तो विनोद सांगितला,
मान हलवून, हेल काढून.
सगळे हसले. मॉरीनसुद्धा,
जिच्या आईचा मोडका खुबा परवा
मी हातावर तोलून टेबलावर घेतला होता.

भांडले नाही मी.
साखर ढवळत म्हटलं, "समजला नाही मला.
जरा उलगडून सांगतोस?"
तो सांगायला लागला. म्हणजे बघ, तुम्ही लोक...
आणि तिथेच अडला.
विनोद खेकड्यासारखा उताणा पडला
बिस्किटांच्या डब्याशेजारी, पाय हलवत.
बोलत राहिली ती फक्त किटली.

ही गोष्ट मी चार दिवस मिरवली.
नवऱ्यापाशी, फोनवर बहिणीपाशी,
दर वेळी कीथचे कान जरा जास्त लाल करून.

शनिवारी देवधरांकडे जेवण.
समुद्रावरचं धुकं काचांना टेकलेलं,
आत अळूवड्या, आणि आपली माणसं.
देवधर रंगात आले:
कोट्यातला डॉक्टर, पोटात विसरलेली कात्री,
आणि त्याच्या आडनावावर असा काही दाब
की पुढे विनोदाची गरजच उरू नये.

मी हसले.
ठरवून नाही. शिंक येते तसं.

खिडकीपाशी तो नवा मुलगा होता.
आल्या आल्या म्हणाला होता, मी सुमेध,
आणि तिघांनी विचारलं होतं, "पुढे काय?"
वाटीतला चमचा थांबवून तो म्हणाला,
"काका, समजला नाही मला.
जरा उलगडून सांगता?"

माझंच वाक्य.
तोच सूर, थंड, साखर विरघळलेला.

देवधरांनी आधारासाठी बघितलं
मघाशी सगळ्यात मोठ्याने हसलेल्या बाईकडे.
खोलीने श्वास रोखलेला,
आणि "सोडा" म्हणणं तर माझं रोजचं काम.
दाताखाली हसण्याचा एक तुकडा उरला होता,
सुपारीच्या खांडासारखा,
चावताही येईना, थुंकताही.

"सांगा ना, भाऊजी," मी म्हटलं.
"मलाही कळू दे, मी कशाला हसले."

कुणीतरी पंखा बंद केला, जो चालूच नव्हता.
सुमेधने माझ्याकडे बघितलं नाही.
त्याने श्रीखंड संपवलं,
वाटी स्वतः विसळली,
आणि कोट शोधायला गेला.